नोव्हेंबरचा कोणता गुरुवार? थँक्सगिव्हिंगच्या तारखेमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे घरच्यांनी एकत्र जेवायचा कृतज्ञतेचा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते. तिथे राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पण ‘चौथा’ हा शब्द कायद्यात आला तो २६ डिसेंबर १९४१ रोजी. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. देश नुकताच महायुद्धात उतरला होता, आणि तरी राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर सणाच्या तारखेचा ठराव सहीसाठी आला, कारण आधीची तीन वर्षे या एका दिवसावरून राज्याराज्यांत उघड भांडण चालू होते. दर नोव्हेंबरात मेफ्लॉवर जहाज, त्यातून १६२० मध्ये इंग्लंडहून आलेले ‘यात्रेकरू’ वसाहतकरी आणि सणाच्या जेवणातला टर्की पक्षी यांवर भरपूर लिहिले जाते. ही तीन वर्षे मात्र एक मजेशीर किस्सा म्हणून दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. आजच्या सणात घराचा भाग किती आणि दुकानाचा किती, याचा हिशेब तिथेच सुरू झाला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १६२१ च्या शरदात आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ वसाहतीत पीक हाती आल्यावर मेजवानी झाली. पहिल्या हिवाळ्यातून वाचलेले पन्नासेक इंग्रज आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष तीन दिवस एकत्र जेवले. एका वसाहतकऱ्याच्या पत्रात रानपक्ष्यांचा आणि पाच हरणांचा उल्लेख आहे, ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द नाही. त्या लोकांच्या दृष्टीने थँक्सगिव्हिंग म्हणजे प्रार्थनेचा दिवस, आणि तो लढाई जिंकल्यावर, दुष्काळ सरल्यावर, साथ ओसरल्यावर जाहीर होई. १६२१ च्या जेवणाला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव मिळाले १८४१ मध्ये, जुनी कागदपत्रे छापणाऱ्या एका संपादकाच्या तळटीपेत. म्हणजे सणाची जन्मकथा सणाला मागाहून जोडली गेली. स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ च्या डिसेंबरात, साराटोगाच्या विजयानंतर सर्व वसाहतींनी मिळून असा दिवस पाळला. वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये २६ नोव्हेंबर ठरवला. जेफरसन यांनी धर्म आणि राज्य वेगळे ठेवायचे म्हणून असा जाहीरनामा काढायचे नाकारले. पुढची पन्नासेक वर्षे हा न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचा, प्रादेशिक सण राहिला. प्रत्येक गव्हर्नर आपापली तारीख ठरवी, आणि शेजारशेजारच्या राज्यांत दोनतीन आठवड्यांचे अंतर पडले तरी कुणाचे काही बिघडत नसे.

तो राष्ट्रीय झाला उत्तर-दक्षिण यादवी युद्धात. स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकाच्या संपादिकेने वर्षानुवर्षे अग्रलेख लिहून, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवून हा दिवस देशभर एकाच तारखेला असावा असा आग्रह धरला होता. १८६३ च्या सप्टेंबरअखेर तिने लिंकन यांना लिहिले आणि ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. त्या युद्धातल्या गेटिसबर्गच्या रक्तरंजित लढाईला तेव्हा तीन महिने झाले होते. दक्षिणेने हा सण बराच काळ ‘उत्तरेकडच्यांचा’ म्हणून दूर ठेवला. युद्धाआधीच, १८५६ मध्ये, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने असा दिवस जाहीर करायला साफ नकार दिला होता, कारण त्याला त्यात गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकांचा हात दिसत होता.

पुढच्या भांडणासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लिंकन यांनी कायदा केला नाही, जाहीरनामा काढला. दरवर्षी नवा जाहीरनामा निघे आणि तारीख सवयीने तीच राही. तीही नेहमी नव्हे. १८६५ मध्ये थँक्सगिव्हिंग ७ डिसेंबरला झाले, १८६९ मध्ये १८ नोव्हेंबरला. १८७० च्या कायद्याने राजधानीपुरती सुट्टी दिली, पण दिवस ठरवणे राष्ट्राध्यक्षांवरच सोडले. राष्ट्राध्यक्षांचा शब्द चाले तो वॉशिंग्टन शहरात आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांवर. बाकी राज्यांत सुट्टी द्यायची ती गव्हर्नरने. साठसत्तर वर्षे गव्हर्नर मुकाट राष्ट्राध्यक्षांची तारीख उचलत राहिले, म्हणून या व्यवस्थेतली फट कुणाला दिसली नाही.

या काळात सणाचे रूप पालटले. चर्च मागे पडत गेले. १८७६ पासून मोठ्या कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत याच दिवशी न्यूयॉर्कच्या परिसरात होऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये मुले मोठ्यांचे जुने कपडे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार ‘थँक्सगिव्हिंगचे काहीतरी द्या’ म्हणत फिरत. ही प्रथा १९३० च्या दशकापर्यंत टिकली. शाळांत स्थलांतरितांच्या मुलांना अमेरिकन करून घेण्यासाठी यात्रेकरूंची गोष्ट शिकवली जाऊ लागली. आणि दुकाने आली. १९२० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या दुकानाने मिरवणूक काढली, १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीजने. मेसीजच्या पहिल्या मिरवणुकीत सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले खरे प्राणी चालले. मोठे फुगे १९२७ मध्ये आले. दोन्ही मिरवणुकींच्या शेवटी सांताक्लॉज यायचा. सणाच्या दिवशी पुढच्या सणाची विक्री सुरू करून द्यायची, हे त्या मिरवणुकीचे कामच होते.

तेव्हाच्या व्यापारी शिष्टाचारात एक अलिखित नियम होता: थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसच्या जाहिराती करायच्या नाहीत. त्यामुळे थँक्सगिव्हिंग जितके उशिरा, तितका विक्रीचा मोसम आखूड. १९३३ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि शेवटचा ३० तारखेला पडला. महामंदी ऐन भरात होती. व्यापाऱ्यांनी सण एक आठवडा अलीकडे घ्यावा अशी विनंती केली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती फेटाळली. लोकांचा गोंधळ होईल, हे त्यांचे तेव्हाचे म्हणणे होते.

१९३९ मध्ये पुन्हा पाच गुरुवार आले. ३० नोव्हेंबरनंतर ख्रिसमसच्या आधी, रविवार वगळता, विक्रीचे फक्त वीस दिवस उरत होते. २३ तारीख धरली तर सव्वीस. १९३७-३८ च्या घसरणीतून बाजार जेमतेम सावरत होता. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांच्या संघटनांनी वाणिज्य खात्यामार्फत पुन्हा गळ घातली, आणि या वेळी रूझवेल्ट यांनी मान्य केले. ऑगस्टच्या मध्यावर, कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीत असताना, पत्रकारांशी बोलता बोलता त्यांनी सांगून टाकले की यंदा थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरला. ही तारीख काही पवित्र नाही, ती पूर्वीही हललेली आहे, असे कारणही त्यांनी दिले. ते खरेच होते.

तरी दुसऱ्या दिवसापासून आगपाखड सुरू झाली. आधीच्या निवडणुकीत हरलेल्या विरोधी उमेदवाराने म्हटले की बेसावध देशावर हा निर्णय हिटलरच्या सर्वाधिकारी थाटात लादला गेला आहे. पोलंडवरच्या आक्रमणाला तेव्हा दोनतीन आठवडेच उरले होते. ज्या प्लिमथच्या नावावर सण सांगितला जातो, तिथल्या नगरप्रमुखाने जोरदार नापसंती कळवली. अटलांटिक सिटीच्या रिपब्लिकन महापौराने रूझवेल्ट यांचे ‘फ्रँकलिन’ हे नाव सणाला चिकटवून ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असा शब्द केला आणि तो वर्तमानपत्रांनी उचलला. जनमत चाचणीत ६२ टक्के लोक बदलाच्या विरोधात निघाले. त्यातही पक्षाची रेघ स्पष्ट होती: रिपब्लिकन मोठ्या बहुमताने विरुद्ध, डेमोक्रॅट किंचित बाजूने.

परंपरा मोडली, हा आरोप मला फारसा टिकणारा वाटत नाही. जी परंपरा म्हणत होते ती शहात्तर वर्षांची होती, आणि तिच्यातही अपवाद होते. खरे दुखणे दिसते ते व्हाइट हाउसला आलेल्या पत्रांत, आणि त्या पत्रांना वर्तमानपत्री चेष्टेपेक्षा जास्त मान मिळायला हवा. ओहायोतल्या एका कॅलेंडर छापणाऱ्याने कळवले की १९४० च्या कॅलेंडरांची छपाईही एव्हाना उरकत आली आहे, या बदलाने आमच्या धंद्याची दैना होईल. विद्यापीठांच्या क्रीडा समित्यांनी लिहिले की सामन्यांच्या तारखा काही वर्षे आधी ठरतात, तिकिटे विकली गेली आहेत, आणि आता सामन्याच्या दिवशी लोकांना सुट्टीच नसेल. अर्कान्सातल्या एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने तर आमच्या फुटबॉलमध्ये हात घातलात तर रिपब्लिकनांना मत देऊ असे बजावले. छोट्या कॉलेजांचा वर्षाचा मोठा गल्ला या एका सामन्यावर अवलंबून असे, हे लक्षात घेतले की त्याचा राग पोकळ वाटत नाही.

सगळ्यांत विचार करायला लावणारे पत्र ब्रुकलिनमधल्या एका छोट्या दुकानदाराचे आहे. त्याने सांगितले की थँक्सगिव्हिंग उशिरा आलेलेच आम्हाला बरे. मोसम आखूड असला की मोठ्या दुकानांत रेटारेटी होते, आणि तिथे न मावणारे गिऱ्हाईक गल्लीतल्या दुकानात येते. आठवडा वाढवून दिलात की मोठी दुकाने तेही गिळतील. ‘व्यापाऱ्यांची मागणी’ म्हणून जे सांगितले जाते ते सगळ्या व्यापाऱ्यांचे म्हणणे नव्हते, ते मोठ्यांचे होते. अर्थशास्त्राच्या बाजूने पाहिले तरी त्या दुकानदाराचे निरीक्षण सरकारी खात्याच्या अपेक्षेपेक्षा सरस ठरले, कारण लोकांच्या खिशात पैसे तेवढेच होते. फक्त खर्चाचे दिवस पांगले.

आणि मग ती जुनी फट उघडी पडली. गव्हर्नरांनी आपापली वाट धरली. साधारण अर्ध्या राज्यांनी २३ तारीख घेतली, जवळजवळ तितक्यांनीच ३० धरून ठेवली, आणि टेक्सस, कोलोराडो यांसारख्यांनी दोन्ही दिवस सुट्टी दिली. न्यूयॉर्क २३ ला जेवले, मॅसॅच्युसेट्स ३० ला. सीमेच्या अल्याडपल्याड राहणाऱ्या कुटुंबांत आईवडिलांना एका गुरुवारी सुट्टी, मुलांना दुसऱ्या. जो दिवस घरच्यांनी एकत्र बसावे म्हणून ओळखला जातो, तोच घरे विभागून गेला.

एवढे होऊनही रूझवेल्ट मागे हटले नाहीत. इथे त्यांची बाजू घेणे मला जमत नाही. १९४० मध्ये नोव्हेंबरात चारच गुरुवार होते, शेवटचा २८ तारखेला. पाचव्या गुरुवारची अडचण नव्हती. तरी त्यांनी २१ तारीख, म्हणजे तिसरा गुरुवार, जाहीर केली. १९४१ साठी २० नोव्हेंबर. या दोन वर्षी जवळपास दोन तृतीयांश राज्ये त्यांच्या मागे आली, न्यू इंग्लंड बव्हंशी अडून राहिले. दरम्यान विक्रीचे आकडे जमा झाले आणि मे १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच कबूल केले की अपेक्षित फायदा दिसला नाही, पुढच्या वर्षापासून जुन्या पद्धतीवर जाऊ.

शेवटचा घाव काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातला, आणि नेमका तो भाग बहुतेक लेखांत चुकीचा सांगितला जातो. ‘काँग्रेसने जुनी तारीख परत आणली’ असे वाचायला मिळते. कनिष्ठ सभागृहाने खरोखरच ‘शेवटचा गुरुवार’ असा ठराव मंजूर केला होता. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, त्यात दुरुस्ती करून ‘चौथा गुरुवार’ केले आणि तेच कायम झाले. फरक बारीक वाटतो, पण हिशेब करून पाहा. सात वर्षांतून साधारण पाच वर्षे चौथा गुरुवार हाच शेवटचा असतो. उरलेली दोन वर्षे, म्हणजे शेवटचा गुरुवार २९ किंवा ३० ला येतो तेव्हा, सण आठवडाभर अलीकडे येतो. व्यापाऱ्यांनी १९३३ मध्ये मागितले ते हेच. १९३९ ला हा कायदा असता तर थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरलाच आले असते, रूझवेल्ट यांच्या तारखेला. काँग्रेसने नाकारला तो १९४० आणि १९४१ चा तिसरा गुरुवार. १९३९ चा निर्णय तिने कायमचा करून टाकला. लोकांच्या आठवणीत राष्ट्राध्यक्ष हरले. कागदावर मोठी दुकाने जिंकली, आणि तो विजय परंपरेच्या रक्षणाचा पोशाख घालून आला म्हणून कुणाला खुपला नाही.

काही राज्यांनी त्यानंतरही हट्ट सोडला नाही. कायदा केंद्रापुरता होता, त्यामुळे १९४४, १९४५, १९५० आणि १९५१ या पाच गुरुवारांच्या वर्षी कुठे ना कुठे शेवटचा गुरुवार पाळला गेला. टेक्ससने १९५६ मध्ये शेवटचे वेगळे थँक्सगिव्हिंग केले. संपूर्ण देश एकाच दिवशी न चुकता जेवतो आहे तो त्यानंतरच.

युद्धाच्या वर्षांत मेसीजची मिरवणूक १९४२ ते १९४४ बंद होती. फुग्यांचे रबर सरकारला दिले गेले. साखरेचे रेशनिंग होते, टर्की आधी सैन्याकडे जात होती, आणि परदेशी तळांवरच्या जेवणाचे फोटो घरी येत होते. पांढऱ्या टेबलक्लॉथवर आजी भली मोठी टर्की ठेवते आहे, हे आज सणाचे प्रतीक झालेले चित्र मार्च १९४३ मध्ये एका साप्ताहिकात छापून आले. ते चित्र मुळात युद्धकाळातल्या एका भाषणातल्या ‘अभावापासून मुक्ती’ या कल्पनेवर काढले होते. पुढच्या पिढ्यांनी मात्र आपल्या जेवणाची तुलना त्या टेबलाशी केली.

युद्धानंतर सण स्वयंपाकघरात आणि टीव्हीसमोर स्थिरावला. पदार्थ घराण्यांचे म्हणून सांगितले जातात, पण त्यांतले बरेचसे कारखान्यातून आले. फरसबी, डब्यातले मशरूमचे सूप आणि वर तळलेला कांदा यांचे कॅसरोल १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका सूप कंपनीच्या प्रयोगशाळावजा स्वयंपाकघरात तयार झाले आणि दहावीस वर्षांत ‘आजीची रेसिपी’ होऊन बसले. सणाच्या ताटातला ठरलेला सॉस ज्या आंबट फळाचा, त्या क्रॅनबेरीचे १९५९ चे प्रकरण तर विसरू नये असे आहे. थँक्सगिव्हिंगला अडीच आठवडे असताना, ९ नोव्हेंबरला, आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतल्या काही क्रॅनबेरीत अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश सापडला आहे, आणि या द्रव्याने उंदरांना थायरॉइडचा कर्करोग होतो. दुकानांनी फळ्या रिकाम्या केल्या. व्हाइट हाउसमध्ये क्रॅनबेरीऐवजी सफरचंदाचा सॉस वाढला गेला. निवडणुकीच्या तयारीत असलेले दोन्ही प्रमुख नेते, निक्सन आणि केनेडी, विस्कॉन्सिनच्या दौऱ्यात सर्वांसमोर क्रॅनबेरी खाऊन-पिऊन दाखवत होते. अन्नातल्या रसायनांविषयी सामान्य माणसाच्या मनात पहिली मोठी शंका या सणाच्या ताटातून आली. आणि वर्षाची सगळी विक्री एका गुरुवारवर अवलंबून ठेवणे किती धोक्याचे, हे कळल्यावर क्रॅनबेरी पिकवणाऱ्यांनी बारमाही रसाकडे मोर्चा वळवला.

व्हाइट हाउसमध्ये टर्की भेट देण्याचा कार्यक्रम पोल्ट्री व्यावसायिकांनी १९४७ पासून रुजवला. केनेडी यांनी १९६३ मध्ये मृत्यूच्या तीनच दिवस आधी एका टर्कीला जीवदान दिले. ‘माफी’ हा औपचारिक विधी मात्र १९८९ चा आहे. याविषयी एवढे पुरे.

१९७० हे वर्ष तारखेच्या भांडणापेक्षा खोल जाते. मेफ्लॉवरला साडेतीनशे वर्षे झाली म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये समारंभ होता आणि एका वाम्पानोआग नेत्याला भाषणाचे आमंत्रण होते. आयोजकांनी भाषणाची प्रत आधी मागितली. तिच्यात कबरी उकरणे, धान्य पळवणे आणि जमीन बळकावणे यांचा उल्लेख होता. आयोजकांनी ते भाषण नाकारले आणि दुसरे लिहून देऊ केले. त्याने ते वाचायला नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला तो आणि वेगवेगळ्या जमातींचे लोक प्लिमथच्या कोल्स हिलवर, १६२१ च्या मेजवानीत सामील झालेल्या सरदाराच्या पुतळ्यापाशी जमले आणि तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी लोक तिथे उपाशीपोटी जमतात. १९९७ च्या मोर्चात पोलिसांशी झटापट होऊन पंचवीस जणांना अटक झाली. पुढच्या वर्षीच्या तडजोडीत परवान्याविना मोर्चा काढण्याचा हक्क मान्य झाला आणि शोकदिनाची माहिती देणारा फलक गावात लागला.

त्यांचे म्हणणे समजायला १६२१ च्या आधीची पाच वर्षे पाहावी लागतात. प्लिमथ वसले ते पॅटक्सेट या गावाच्या जागेवर, आणि ते गाव रिकामे होते कारण १६१६ ते १६१९ मधल्या साथीत तिथली माणसे मेली होती. त्या मेजवानीतल्या सरदाराच्या मुलाचे शिर १६७६ मध्ये, युद्ध हरल्यावर, त्याच प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच होते. शाळेत कागदी पिसे लावून मुलांना नाचवणाऱ्या धड्यात यातले काही नव्हते. आता हळूहळू येते आहे. प्लिमथच्या ऐतिहासिक संग्रहालयाने २०२० मध्ये आपल्या नावात पॅटक्सेट घेतले, आणि २००८ च्या कायद्याने थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार मूळ रहिवाशांच्या वारशाचा दिवस म्हणून नोंदवला. त्या शुक्रवारी देश काय करत असतो हे ठाऊक असल्यावर ही निवड सन्मानाची म्हणावी का, हा प्रश्न मला पडतो.

तो शुक्रवार म्हणजे ब्लॅक फ्रायडे, सवलतीतल्या खरेदीचा दिवस. हे नाव रूढ केले फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी, १९५० आणि ६० च्या दशकांत, कारण शुक्रवारची खरेदी आणि शनिवारचा लष्कर-नौदल फुटबॉल सामना यांनी शहर तुंबायचे आणि पोलिसांना दुहेरी पाळ्या कराव्या लागायच्या. दुकानदारांना ते नाव मुळीच आवडले नव्हते. १९६१ मध्ये त्यांनी ‘बिग फ्रायडे’ रुजवायचा प्रयत्न केला, तो फसला. तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत जाण्याचा दिवस, हा खुलासा १९८० च्या दशकात पसरला.

मराठी माणसे या सणात आली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. दिवाळी बहुधा कामाच्या दिवशी येते, तिला देशभराची सुट्टी नसते. थँक्सगिव्हिंगला मात्र गुरुवारपासून रविवारपर्यंत सलग सवड मिळते, आणि म्हणून दुसऱ्या राज्यातल्या भावाबहिणींनी, मित्रमंडळींनी जमायचे ते याच दिवसांत. मुले शाळेतून शिकून येतात आणि टर्कीचा हट्ट धरतात, शाकाहारी घरांत पाव आणि भाज्यांचे स्टफिंग होते, आणि क्रॅनबेरी सॉसशेजारी श्रीखंड असते. अशा जमलेल्या घरांसाठी २००८ चे थँक्सगिव्हिंग कायमचे वेगळे राहिले. बुधवारी, २६ नोव्हेंबरला, अमेरिकेत दिवस चालू असतानाच सीएसटी आणि ताजच्या बातम्या सुरू झाल्या. गुरुवारी मुंबईत अजून गोळीबार चालू होता. त्या सुट्टीत टीव्हीसमोरून कुणी उठले नाही, आणि फोन लागेपर्यंत जेवणाकडे लक्ष गेले नाही.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी पहाटे, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, एका मोठ्या साखळी दुकानाबाहेर सुमारे दोन हजार लोक उभे होते. पाचच्या सुमारास गर्दीने दार मोडले आणि दारापाशी असलेला तात्पुरत्या नोकरीवरचा एक कामगार चेंगरून मेला. चौतीस वर्षांचा होता. काही काळ चर्चा झाली, गर्दी हाताळण्याच्या सूचना निघाल्या. पण दुकाने उघडण्याची वेळ पुढे गेली नाही, उलट मागे येत राहिली: पहाटेवरून मध्यरात्रीवर, २०१२ मध्ये गुरुवारी रात्री आठवर, त्यानंतर संध्याकाळी सहावर. म्हणजे विक्री आता खुद्द थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सुरू होत होती, आणि काउंटरमागच्या माणसांचे जेवण दुपारी घाईत उरकत होते. १९३९ मध्ये मोठ्या दुकानांना आठवडा हवा होता. सत्तर वर्षांनी त्यांनी दिवसही घेतला.

याला अडवले ते फक्त मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांतल्या जुन्या कायद्यांनी. तिथे मोठ्या दुकानांना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी उघडता येत नाही. हे कायदे प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांच्या, काळातल्या रविवारच्या बंदीच्या वंशातले, आणि एरवी मागासलेले म्हणून हिणवले जातात. इथे त्यांनी हजारो कामगारांची एक संध्याकाळ राखली, म्हणून मला ते मोलाचे वाटतात. इतरत्र जे कायद्याने झाले नाही ते २०२० च्या साथीने केले. गर्दी टाळायची म्हणून मोठ्या साखळ्यांनी गुरुवारी दुकाने बंद ठेवली, आणि ऑनलाइन खरेदीने तोवर पहाटेच्या रांगेची गरजच संपवल्यामुळे बहुतेकांनी पुढेही ती बंदच ठेवली. एका साखळीने २०२१ मध्ये हा निर्णय कायमचा असल्याचे जाहीर केले.

ख्रिसमसची सवलत आता ऑक्टोबरातच सुरू होते, जुना जाहिरातींचा संकेत कधीच मोडला. तरी तारखेची धास्ती गेलेली नाही. २०१९ मध्ये चौथा गुरुवार २८ तारखेला, म्हणजे कायद्याने शक्य तितका उशिरा आला, तेव्हा मोसम आदल्या वर्षीपेक्षा सहा दिवसांनी आखूड झाल्याच्या बातम्या महिनाभर आधीपासून येत होत्या. २०२४ मध्येही चौथा गुरुवार २८ लाच आला आणि मोसम पाच दिवसांनी आखूड झाला. पुढे २०२८ आणि २०२९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरात पाच गुरुवार आहेत. लिंकन यांच्या जाहीरनाम्याप्रमाणे सण अनुक्रमे ३० आणि २९ तारखेला झाला असता. १९४१ च्या कायद्याप्रमाणे तो २३ आणि २२ ला होईल.